दिसलं की काढून घेणारी बाई

लोक सेवा करायला परदेशात जातात, म्हणजे कुठं? तर अनगोळला. हसू नका. आमच्या चर्चकडं थंडीत परदेशातनं स्वयंसेवक येतात आणि त्यांच्या लेखी आमचं अनगोळच परदेश. गेल्या खेपेला त्यांनी चष्म्यांचं शिबिर घेतलं. दुभाषी म्हणून पाळकसाहेबांनी मला धरलं, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि मला नाही म्हणता येत नाही. हे त्यांचं म्हणणं. मला नाही म्हणता येतं, ते ऐकत नाहीत.

माझ्या वाट्याला आलेली मॅडम सत्तरीची, निवृत्त शिक्षिका. उत्साह एवढा की बघूनच मला दम लागला. आदल्या दिवशी तिला कार्डावर तीन गोष्टी लिहून दिल्या : 'दिसतंय का?', 'होय' आणि 'नाही'. 'होय' तर दहा वेळा घोटून घेतलं. म्हटलं, शिकायचं तर शुद्ध शिकावं. स्वतःवर मी लई खूश होते.

सकाळी प्रार्थना झाली, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, मग इंग्रजीत. देवाला तिन्ही कळतात, भूक मात्र आम्हालाच लागते. तोवर शहापूरची एक आक्का सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसली होती. बोटाला धाग्याचं रीळ.

"पोरी, मला लांबचं काय बघायचं न्हाय," ती म्हणाली. "देव न्हाय दिसला तरी चालंल, धागा दिसला पायजे."

"अहो आक्का, चर्चमध्ये असं बोलू नका."

"तुझ्या देवाला विचार, त्यो बी हेच म्हणंल."

तिच्या घरी हातमाग होता, चाळीस वर्षं त्यावर तिनं साड्या विणल्या. आता तुटलेला धागा सांधायला तिला दिसेना, म्हणून पोरगा सोमवारी माग विकायला निघाला होता. "माझ्या जित्तेपणी माझा माग काढतोय मुडदा!" आज चष्मा लागला तर माग राहणार, नाहीतर गेला. एवढं असूनही ती लगेच खुर्चीवर बसेना. "आधी दुसऱ्याचं कसं हुतंय बघतो," म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'बघतो, करतो'च म्हणतात.

तेवढ्यात फाटकाजवळ भांडण लागलं. टोकन नंबर कन्नडमध्ये पुकारायचे की मराठीत? आता चष्म्याला आलेल्या माणसांनी यावर गळे काढायचे काय? पण काढले. मॅडमला कार्डाच्या भरवशावर सोडून पाळकसाहेबांनी मला तिकडं पळवलं. मी इंग्रजीत पुकारायला लागले तेव्हा कुणालाच कळेना आणि सगळे गप्प झाले. यात अर्धा तास गेला.

परत येते तर एक आप्पा नवा चष्मा लावून पायऱ्या उतरत होते. ओढा ओलांडावा तसा पाय वर उचलत होते.

"आप्पा, काय झालं?"

"जमीन वर आलीया."

"मग हाच कशाला घेतलासा?"

"चांगला हुता त्यो काढून घेतला की त्या बाईनं! शेवटी कंटाळून नुसती मान हलवली, तर ह्यो दिला."

आत तर तमाशाच. आक्का खुर्चीवर बसून ओरडत होती, "ही बाई मला दिसलं की काढून घ्यायलीया! सात चष्मे झालं!"

मॅडम लालबुंद. ती मला इंग्रजीत म्हणाली, "माझं काय चुकतंय? दिसतंय का विचारलं की प्रत्येक जण उलट विचारतो, 'व्हाय?' मी सांगते, आमचं तुमच्यावर प्रेम आहे म्हणून. दुसरा चष्मा लावून बघते. तरी परत 'व्हाय?'"

अगं बाई! मी कपाळाला हात लावला. 'होय' पुस्तकात. इथल्या माणसाच्या तोंडात 'व्हय'. मी स्वतः घरात दिवसभर 'व्हय' म्हणते आणि पाहुणीला शिकवायला गेले शुद्ध मराठी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मॅडमला सांगितलं तशी ती एवढी हसली की टेबलावरचे चष्मे हलायला लागले. आप्पांना फाटकातनं हाताला धरून परत आणलं.

"दुसरा बरा हुता," आक्का म्हणाली. तो नंबर काढला, तिच्या नाकावर बसवला. आक्कानं रिळाचा धागा तोडला, दोन टोकं जुळवली, चिमटीत पीळ दिला. सांधा कुठं झाला ते मला शोधूनही सापडेना.

"व्हय?" मॅडमनं विचारलं.

"व्हय, व्हय!"

आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. डोळे पुसायला आक्कानं पदर उचलला आणि तो तसाच धरून बसली. मग नाकाजवळ नेला. इथं दोन धागे सुटलेले, तिथं गाठ, काठ भलतीकडं गेलेला.

"ही मीच विणलीया," ती म्हणाली. "दिवाळीत."

"एवढं कुणाला दिसतंय, आक्का?"

"मला दिसायलंय की." तिचा आवाज एकदम उतरला. "दोन वर्सं पोरगं म्हणायलंय, आई, तुझ्या साड्या लगेच विकून जायल्यात, लोक नाव काढायलेत. असल्या साड्या कोण घेतंय गं?"

मॅडमनं मला कोपरानं ढोसलं, काय म्हणते ती? मला ते इंग्रजीत सांगवेना.

"फोन लाव त्याला," आक्का म्हणाली. मी लावला, मोठ्या आवाजावर ठेवला.

"आरं, माझ्या साड्या कुठं हायत?"

"कुठल्या?"

"गेल्या म्हणालास, त्या."



"पलंगाखालच्या पेटीत," तो म्हणाला. "सगळ्या हायत, आई."

आक्का चष्म्याआडनंच रडायला लागली. "माग घेणाऱ्या त्या माणसाला सोमवारी येऊ नको म्हण," ती त्याला म्हणाली. "आता नीट विणतो मी."