उरलेली बाटली

डोळ्यांच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. कराडजवळच्या एका दवाखान्यात मी वीस वर्षं डोळे तपासायचं काम करते, गावोगाव शिबिरं घेते, आणि शिबिरात माझा आवाज माईकशिवाय वेशीपर्यंत जातो. डोळ्यात मध घालणारे, एरंडेल घालणारे, जिभेनं कुसळ काढून देणाऱ्या म्हातारीकडे पोरांना नेणारे, सगळ्यांना मी फैलावर घेते. "डोळ्यात फक्त डॉक्टरनं दिलेलंच औषध घालायचं!" हे माझं ठरलेलं वाक्य. त्यात मी कधी काना-मात्रेचा बदल केला नव्हता.

माझे वडील, आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि ऊस करायला लागले. लेकीचा त्यांना लय अभिमान. गावात कुणाचा डोळा नुसता लाल दिसला, तरी माझं वाक्य तेच आधी ऐकवायचे.

गेल्या वर्षी पाचट काढताना उसाची पात त्यांच्या उजव्या डोळ्याला चाटून गेली. शेजारीण मध घेऊन आली, तिला त्यांनी वाटीसकट परत पाठवलं. मला मात्र फोन केला नाही. सहा दिवसांनी मी सहज माहेरी गेले, तर डोळा सुजून मिटलेला. पापणी उघडून पाहिलं, तर बुबुळावर पांढरट डाग.

"आबा, काय घातलंय ह्यात?"

"डाक्टरचंच औषध. तू सांगतीस तसं. दिवसातनं चार बारी, घड्याळ लावून."

त्यांनी उशाखालून बाटली काढून दाखवली. ती आईची होती. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेली, उरली म्हणून कपाटात जपून ठेवलेली. सूज उतरवणारं औषध ते, ऑपरेशननंतर गुणाचंच. पण पातीबरोबर डोळ्यात बुरशी गेली असेल, तर त्याच औषधानं ती माजते. सहा दिवस आबांनी तिला खुराक दिला होता, आणि हुकूम माझा होता.

सांगलीच्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत गाडीत मी त्यांना झापत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जखम खरवडून तपासली. बुरशीच निघाली. "दर तासाला थेंब घाला. डोळा राहतो का, ते पंधरा दिवसांनी सांगते," म्हणाल्या. मी रजा टाकली आणि एकही थेंब दुसऱ्या कुणाला घालू दिला नाही.

डोळा राहिला, पण बुबुळावर मधोमध फूल पडलं, पांढरा डाग कायमचा राहिला. त्या डोळ्यानं आबांना उजेड कळतो, जवळ धरलेली बोटं मोजता येतात. माझा चेहरा ओळखू येत नाही. एकदा मी आईला म्हटलं, चूक माझीच. ते आबांच्या कानावर गेलं. "पात काय तू मारलीस व्हय? गप बस," म्हणाले आणि रानात निघून गेले.

आता आसपासच्या गावात शिबिर असलं की आबा येतात. ओळख न दाखवता शेवटच्या रांगेत बसतात. मी मधापासून सुरू करते, म्हातारीवर येते, माझं ठरलेलं वाक्य म्हणते आणि थांबते. मग मागून खणखणीत प्रश्न येतो, "आवं बाई, घरात दुसऱ्या कुणाची बाटली उरल्याली आसंल, तर ती चालती का?"

पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा मी घाईनं तपासणीच सुरू केली. आता उत्तर तयार असतं.

"नाही चालत! उरलेलं औषध ओतून टाका, नि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि लेक डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला असली, तर आधी तिला फोन करा!"

लोक हसतात. आबाही हसतात, आणि मी नीट दिसावी म्हणून मान वळवून डावा डोळा माझ्याकडे करतात.