अंतिम परवानगी

मराठी टंकलेखनाचं एक मोफत सॉफ्टवेअर आम्ही काहीजण हौसेनं सांभाळतो. त्यात बदल करायची अंतिम परवानगी मात्र ते सुरू करणाऱ्या विनायकरावांकडेच होती. ऑनलाइन बैठकीत आमच्यातली मीनल त्यांना म्हणाली, "माझं काम तुम्ही कारण न सांगता काढून टाकलंत. यापुढे निर्णय निवडलेल्या समितीनं घ्यावेत, नाहीतर मी हे काम सोडते."

विनायकरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. आपण वाढवलेलं दुसऱ्यांच्या हाती देताना माणसाला काय सोडावं लागत असेल? मला मीनलचं पटत होतं, तरी पडद्यावर त्यांच्याकडे बघवेना.

"समितीत मी असेन का?" त्यांनी विचारलं.

"तेही मतानंच ठरेल," ती म्हणाली.

"मग घ्या मत. माझ्यासमोर तुम्हाला अवघड जाईल," म्हणत ते बैठकीतून बाहेर पडले.

मीनलनं समितीच्या बाजूनं असलेल्यांना हात वर करायला सांगितलं. पहिला हात मी वर केला.