विहिरीसकट जागा

शुद्धलेखनाची माफी आधीच मागते. चौथीनंतर हातातली लेखणी गेली आणि लाटणं आलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, ओळी उतरणीला लागतात. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. चुकून कोणी उघडलीच, तर अक्षराला हसून दम घालवू नये. हसण्यासारखं पुढे बरंच आहे.

साठ सालाच्या आधीची गोष्ट. आमचे हे अमरावतीला शाळेत मास्तर, भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, अकोल्याला वकील. बडनेरा रस्त्याला एका म्हाताऱ्या माळणीची दोन एकर बाग विकाऊ आहे, हे भासऱ्यांनी हेरलं. शहर तिकडेच वाढणार, प्लॉट पाडून विकले की चौपट भाव. शिवाय बागेत विहीर. "असं गोड पाणी अख्ख्या अमरावतीत नाही," असं ते ज्याला त्याला सांगत. प्यायले मात्र कधी नव्हते. इसार पाचशे रुपये ठरला. त्यासाठी माझ्या आईने दिलेल्या पाटल्या सराफाकडे गहाण पडल्या. मला विचारलं नाही, हात पुढे कर म्हणून सांगितलं.

खरेदीखताच्या दिवशी भासरे आले. टांग्यात पान चघळत दोघा भावांनी प्लॉट पाडले, विकले, नफाही वाटून घेतला. बाईमाणूस असलं की म्हातारी बुजणार नाही, म्हणून मलाही बसवलं होतं. तिला घ्यायचं, कचेरीत न्यायचं, अंगठा उमटवायचा, संपलं.

म्हातारी नवं लुगडं नेसून तयार होती. ऊन मरणाचं. मी पाय धुवायला विहिरीवर गेले. माझे रिकामे हात पाहून तिने विचारलं, तेव्हा पाटल्या इसारापायी गहाण पडल्याचं मी सांगून टाकलं. तिने पोहरा ओतला आणि मी ओंजळीने पोटभर प्यायले. भासरे खरं बोलले होते, पाणी गोड होतं.

परत येऊन तिने दोघांपुढे गुळाचे खडे आणि पाण्याचे पेले ठेवले.

"गूळ-पानी घ्या, मंग चाला. जमीन देऊन राहिली मी. तोंड गोड केल्याबिगर कशी देऊ?"

आली का पंचाईत! आमचं घर भिक्षुकाचं. माळणीच्या हातचं पाणी कसं चालणार?

"माझा आज निर्जळी उपास आहे," भासरे म्हणाले. ओठ पानाने लालभडक.

"अन् तुमचा, मास्तर?"

"माझाही."

"दोघायचा बी? अन् पान चालते वाटते उपासाले?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. "हे बाई तं आताच प्याली. तुमीच ना इचे मालक?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ती बाग मीच परस्पर विकली होती.

"आजी, आधी कचेरीचं उरकू," हे म्हणाले, "उशीर होतोय."

"माहं पानी चालत नाही, अन् माही विहीर चालते?" तिने दोन्ही पेले वांग्याच्या वाफ्यात ओतले. "जा. नाही द्याची मले."

भासऱ्यांनी तिला कायद्याची कलमं ऐकवली. ती गूळ खात बसली.

घरी जमिनीचं दुःख बाजूला ठेवून आधी मला पंचगव्य पाजण्यात आलं. त्याच उन्हाळ्यात नळ आटले आणि गल्लीत बैलगाडीवर पिपातून विकतचं पाणी येऊ लागलं. त्याच विहिरीचं. आमच्या हंड्यात पडलं की ते शुद्ध होई. भासरे अकोल्याहून आले की दोन-दोन तांबे पीत.

इसार म्हातारीने नातीच्या लग्नात खर्चला होता. भासऱ्यांनी नोटीस धाडली. तिने निरोप धाडला, फुलं विकतील तसा पैसा देईन. तोवर सराफाचं व्याज ह्यांच्या पगारातून जाई. जमिनीतून एवढीच कमाई झाली. मी लग्नकार्यात रिकामे हात पदराखाली धरून बसे.

ती पहिल्यांदा दाराशी आली तेव्हा ह्यांनी हात पुढे केला. "तुमाले नाही. पाटल्या इच्या गेल्या, पानी बी हेच प्याली," म्हणून तिने पैसे माझ्या हातात दिले. कधी दहा, कधी वीस. असं वर्षभर चाललं.

पुढच्या दसऱ्याला झेंडू खपला आणि ती उरलेली रक्कम घेऊन आली. हे ओट्यावरच होते.

"आणि व्याज?"

"हे घ्या," तिने पाटीतला आपला तांब्या काढला. "माह्या विहिरीचं हाय. प्या, मंग व्याज बी देईन."

ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मी दारात बसून मोजले. आधीचे धरून पाचशे पुरे झाले.