वाक्यात उपयोग

नात इंग्रजी शब्दार्थ पाठ करत होती. "आजोबा, 'स्टेशनरी' म्हणजे?"

"थांबलेलं. हलत नसलेलं."

"वाक्यात उपयोग सांगा ना."

मला एकच वाक्य आठवलं. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. निपाणीकडच्या बसप्पाला चालू मशीन पुसायला मीच सांगितलं आणि त्याची बोटं गेली. चौकशीत मी इंग्रजीत म्हणालो, मशीन स्टेशनरी होतं, यानेच ते चालू केलं. त्या वाक्यावर पुढे त्याची भरपाई बुडाली.

इंग्रजी न समजणाऱ्या बसप्पाने बाहेर येताच विचारलं, "अण्णा, माझ्या बाजूनं बोललात न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

आयोडिनचा वास येणारा बँडेजचा हात दुसऱ्या हाताला लावून त्याने मला नमस्कार केला. मला तेव्हा हायसं वाटलं होतं.