तिच्या उशीचा कापूस

नांदेडला मुलाकडे येऊन सात महिने झाले, तरी या शहरात मला ओळखून हाक मारणारं कुणी नाही. लातूरचं घर कुलूपबंद आहे. इथे मुलगा-सून कामावर गेले की फ्लॅटमध्ये मी आणि टीव्ही, आणि टीव्हीशी माझं पटत नाही. म्हणून मी चालतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या उशीत नुसते गोळे झालेत. टाकून नवी आणू का?" ती उशी माझी नव्हे, बायकोची. ती गेल्यावर तिचं अंथरूण रीतीप्रमाणे देऊन टाकलं, उशी तेवढी मी कपाटात दडवली आणि येताना सोबत आणली. हे घरात कुणाला ठाऊक नाही. मला वाईट वाटेल म्हणून ही मंडळी तिचा विषयच काढत नाहीत, त्यामुळे मीही काढत नाही. "पिंजून आणतो," म्हणालो आणि उशी पिशवीत घातली.

पिंजारी देगलूर नाक्याच्या आतल्या मोहल्ल्यात बसतो, असं ऐकलं होतं. तिथे मी चार दिवस फिरलो. खरं सांगायचं तर दुकान दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं, पण उशी हातातून सोडवेना. मग उगाच गल्ल्या तुडवायचो. शेवयांचं दुकान, ओट्याला बांधलेल्या शेळ्या, दारादारांवर पडदे आणि पडद्याआडून भांड्यांचा आवाज. तो आवाज ऐकला की माझे पाय रेंगाळायचे. परक्याच्या दारात असं रेंगाळू नये, हे कळून मीच ओशाळायचो आणि पुढे व्हायचो.

चौथ्या दिवशी पिंजाऱ्यानेच हटकलं. माझ्याच वयाचा, दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. "रोज पिशवी घेऊन जाताव. दाखवा तर."

त्याने उशीची शिवण उसवली, कापूस चिमटीत धरला, हुंगला. "घरवालीची हाय?"

"हाव."

"उनको कितनी ऊंची होना?"

इथे मी सरळ सांगायला हवं होतं. पण म्हणालो, "ठेंगणीच लागते तिला. मान दुखते."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "ठीक हाय. दोन रोज झोपून बघू द्या. उंच वाटली तर आणा, रुई काढून देतो."

संध्याकाळी उशी मिळाली, हलकी आणि गुबगुबीत. घरी येऊन डोकं टेकवलं. मधला तिच्या डोक्याचा खळगा गेला होता. वासही गेला होता. पिंजल्यावर दुसरं काय होणार? लातूरला दर उन्हाळ्यात पिंजारी आमच्या दारात यायचा, ती शेजारी उभी राहून प्रत्येक उशीची उंची सांगायची. सगळं डोळ्यांनी पाहिलेला मी, आणि तिची शेवटची खूण स्वतःच्या हाताने पुसून आलो. रडलो. घरात कुणी नव्हतं हे बरं.

तिसऱ्या दिवशी उशी घेऊन पुन्हा गेलो. "उंच झाली म्हणते," मी म्हणालो.

त्याने उशीला हात लावला नाही. मागच्या फळीवरून वर्तमानपत्राची एक पुडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आत मूठभर जुना, पिवळट, चपटा झालेला कापूस होता. खोबरेलाचा वास आला.

"तेल पुरानं होतं, सालभरात नवं लागलं न्हवतं. तवाच समजलं," तो खाली बघत म्हणाला. "गेलेल्या माणसाची रुई मी सगळी पिंजत न्हाई. डोक्याखालची मूठभर ठेवतो. लोक मागून मागायला येतात." मग त्याने विचारलं, "कधी गेल्या?"

"दीड वर्ष झालं." नांदेडात हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो.

त्याने समोरचा कापसाचा ढीग हाताने बाजूला सारून जागा केली.

"बसा. कशा होत्या?"

पुडी मांडीवर घेऊन मी बसलो, आणि कुठून सुरुवात करावी ते मला कळेना.