मंगलाच्या गळ्यातला पाच

आर्णीच्या चहावाल्याने काल फळा पुसला आणि खडूच्या वासाने मला थेट नववीच्या बाकावर नेऊन आदळलं. काय तमाशा असायचा! गणिताचे सर आमच्या गळ्यात अंकांच्या पाट्या अडकवत आणि फळ्यावर x² + 7x + 12 लिहीत. गुणाकार बारा, बेरीज सात. लगेच तीन आणि चारवाले जोडीने फळ्याकडे धावत. पाचवाल्या मंगलाची पाळी सर मुद्दाम येऊ देत नसत. एकदा तीच म्हणाली,

"सर, माह्यासाठी एक लिहा ना."

सरांनी गोड हसून x² + 5x लिहिलं. "गुणाकार शून्य, बेरीज पाच. जा, तुहं शून्य शोध."

शून्याची पाटी कोणाच्याच गळ्यात नव्हती. वर्ग हसून लोळला. तेव्हा वाटलं, सर किती विनोदी! आता वाटतं, नेम किती अचूक!

मंगला एकटीच फळ्यापुढे उभी राहिली, शेजारी शून्य म्हणजे कोणीच नाही.

"शाब्बास," सर म्हणाले, "उत्तर बरोबर आहे."