मामांच्या पायाचा सौदा

आमच्या मामासासऱ्यांनी जन्मात कुठलीच गोष्ट सांगितल्या भावाला घेतली नाही, आणि यात मी विकत मिळणाऱ्या व न मिळणाऱ्या अशा दोन्ही गोष्टी धरतो आहे. त्यांच्या स्वतःच्या लग्नात भटजींनी बारा पस्तिसाचा मुहूर्त काढला, तेव्हा नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला सारून, "बाराचा करा की, तुमचं बी ऱ्हाईल न् माझं बी," असं म्हटल्याचं मामी अजून सांगतात. लग्न बारा-वीसला लागलं. रक्ततपासणीवाल्याने साखर एकशे ऐंशी निघाल्याचं सांगितलं की मामा, "एकशे चाळीस लिवा, मी काय आज नवीन आलोय व्हय," म्हणत. देवाला नवस बोलतानासुद्धा ते पहिल्यांदा एकच नारळ बोलत आणि देवाकडून काही हालचाल दिसली नाही तरच पुढे सरकत. मी नवा जावई म्हणून घोडेगावला गेलो तेव्हा मामा म्हणाले, "आठ दिवस ऱ्हायचं." मी एक म्हणालो. अंगणातल्या बाजेवर बसून बराच वेळ वाटाघाटी झाल्या आणि अडीचवर ठरलं, म्हणजे तिसऱ्या दिवशी जेवून निघायचं.

हे सगळं कंजूसपणातून होतं असं कुणी म्हणेल तर त्याला मामा कळलेच नाहीत. केळीवाल्या बाईशी अर्धा तास हुज्जत घालून पाच रुपये कमी करायचे आणि मग तिलाच बसवून चहा-भजी खाऊ घालायची, हा त्यांचा हिशेब. पैसा हा त्यांच्या लेखी बोलण्याचा विषय होता, एवढंच. दर शुक्रवारी घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो. मामांना ना बैल घ्यायचा असे ना म्हैस विकायची, पण पांढरंशुभ्र धोतर नेसून ते सकाळीच बाजारात हजर. कुणाचा सौदा अडला की "मामांना बोलवा" अशी हाक जायची. मग मामा यायचे, जनावराभोवती एक फेरी मारायचे, खाली बसून त्याचे पाय बघायचे, मोठ्या खेदाने मान हलवायचे आणि विकणाऱ्याचा हात रुमालाखाली धरून बोटांच्या खुणांनी असा काही भाव सांगायचे की त्याचा चेहरा पडायचा. "जनावर तोंडावर जात न्हाई जावईबापू, पायावर जातं," ते मला शिकवायचे. मी नगरला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मागणी आणि पुरवठा यांच्यामध्ये एक गुडघा असतो हे मला मामांनी सांगितलं.

तर अशा या मामांना, दोन वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी, भर बाजारात कुत्रा चावला.

बाजाराच्या तोंडाशी एक चहाचं हॉटेल आहे. मामांची तिथली बैठक कित्येक वर्षांची. हॉटेलवाल्याने एक दांडगा कुत्रा पाळला होता, त्याचं नाव राजा. गळ्यात घुंगरांचा लाल पट्टा, खायला उरलेली भजी, आणि मालकाच्या तोंडी सदा त्याचंच कौतुक. "माझा राजा हाय म्हनून गल्ल्याला कुलूप लावत न्हाई," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. त्या दिवशी मामा चहा पिऊन उठले, कुणाच्या तरी सौद्याची हाक आली म्हणून घाईने निघाले, आणि राजाने त्यांची पोटरी धरली. नुसती धरली नाही, तर चांगला लचका तोडला. धोतराचा सोगा लाल झाला. लोकांनी हाकलेपर्यंत त्याने सोडलं नाही.

बाजार म्हटल्यावर उपाय सांगणाऱ्यांची कमतरता नव्हती. कुणी हळद म्हणालं, कुणी चुना, कुणी मिरचीची पूड. मामांना टेम्पोतून घरी आणलं तेव्हा एक जण मिरचीची पुडी घेऊन बरोबरच आला होता. मामींनी त्याला पुडीसकट दाराबाहेर घालवला, मामांना नळाखाली बसवलं आणि कपड्याचा साबण लावून जखम धूत राहिल्या. मामा ओरडत होते, "अगं, बास की आता!" मामी म्हणाल्या, "ह्यात घासाघीस न्हाई." त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं.

मी नगरहून पोचलो तेव्हा मामा सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर बसले होते. जखमेच्या कडेने इंजेक्शनं टोचून झाली होती आणि बाई पुढच्या डोसांच्या तारखा सांगत होत्या.

"येवढी कशाला?" मामा म्हणाले. "मधलं एक सोडा. मी काय मोडका मानूस न्हाई."

बाई तरुण होत्या, पण पेन खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "मामा, हा रोग एकदा झाला की मग कुणाशी बोलणी करता येत नाहीत."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं आणि तारखांचा कागद खिशात घातला. सगळी इंजेक्शनं त्यांनी वेळेवर घेतली. पण पोटरीचा स्नायू फाटला होता. जखम चिघळली, नगरच्या दवाखान्यात नेऊन दोनदा साफ करावी लागली. कांद्याची लागवड मजुरांच्या हवाली करून मामा ओसरीवर पाय उशीवर ठेवून बसले आणि शुक्रवार आला की रस्त्याने जाणाऱ्या जनावरांच्या नुसत्या घंटा ऐकू लागले.

कोर्टकचेरीचा विचार त्यांच्या डोक्यात मुळीच नव्हता. जरा काठी टेकून चालता येऊ लागल्यावर ते मला घेऊन हॉटेलात गेले ते सरळ बोलणी करायला. दवाखान्याचा खर्च अर्धा तू दे, अर्धा मी सोसतो, कुत्रा बांधून ठेव, चहा सांग, इतका साधा मामला. पण हॉटेलवाला चुलीकडे तोंड करून म्हणाला, "कोन राजा? मामा, त्ये कुत्रं माझं न्हाई. यायचं आपलं हिकडं. बेवारस हाय."

राजा समोरच बसला होता. गळ्यातला पट्टा काढलेला. पट्ट्याने घासून केस गेले होते, तिथे मानेभोवती पांढरट वर्तुळ तेवढं राहिलं होतं.

मामा बराच वेळ त्या वर्तुळाकडे बघत राहिले. त्यांना राग आलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. खर्च नाकारल्याचा त्यांना राग नव्हता. समोरच्याने 'देत न्हाई' म्हणायला त्यांची कधीच हरकत नसे, किंबहुना तिथूनच त्यांना रंग चढे. पण "जनावरच माझं न्हाई" म्हटल्यावर बोलायचं कुणाशी? बाहेर पडताना ते म्हणाले, "जावईबापू, ह्यानं बाजारच मोडला. आता वकील बघा."

नेवाशाच्या कोर्टात माझ्या एका मित्राची मुलगी वकिली करते. हुशार, सरळ बोलणारी. तिने आधी फी सांगितली. मामांनी ती निम्म्यावर आणली. ती हसून म्हणाली, "राहू द्या मामा, निकाल लागल्यावर द्या." मामा हिरमुसले. इतक्या लवकर हार मानणारी बाई आपली बाजू काय मांडणार, अशी शंका त्यांनी मला बाहेर बोलून दाखवली. पण वकीलबाई कामाला पक्क्या होत्या. दवाखान्याचे कागद, पोलिसांतली तक्रार, पांढऱ्या वर्तुळाचा फोटो, बाजारातल्या दोघांचे जबाब, सगळं त्यांनी जमवलं. पाळलेल्या जनावराला आवरायची जबाबदारी मालकाची असते, ते कायद्यात कसं येतं, हे त्यांनी मामांना समजावून सांगितलं. आधी नोटीस पाठवू, दावा लावण्याआधी लोकअदालतीत तडजोड होते का बघू, असं ठरलं. मग त्यांनी विचारलं, "मामा, भरपाई किती मागायची?"

मामा खुर्चीत ताठ झाले. "आदी त्याला बोलू द्या."

"असं नाही चालत. मागणारे तुम्ही आहात. आकडा तुम्हीच सांगायचा."

"म्या पयला आकडा आजपावतो सांगितला न्हाई," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात असा धसका होता की जणू बाईंनी त्यांना भर चौकात धोतर सोडायला सांगितलं आहे.

आकडा सांगायला त्यांनी मुदत मागून घेतली. पुढचे काही दिवस मामींचे मला फोन येत राहिले. जेवत न्हाईत, बोलत न्हाईत, नुसते पायाकडं बघत बसत्यात. शेवटी मी गेलो. खर्चाची बेरीज सोपी होती, मजुरीचीही होती. अडलं होतं ते पायापाशी. वकीलबाईंनी सांगितलं होतं की पाय कायमचा अधू झाला त्याचीही भरपाई मागता येते.

"त्येची काय किंमत लावू?" मामा म्हणाले. "पायात खोट आलेल्या बैलाला बाजारात काय भाव येतो, त्ये मला इचारा. म्या सवता पाडलेत भाव. लई पाडलेत. चांगला तरना बैल, पर जरा पाय वढतोय म्हनलं की खाटकाच्या भावावर आनून ठेवायचो."

मी अर्थशास्त्र शिकवतो, हे मघाशी सांगितलंच. पण उत्तर दिलं ते मामींनी. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी काय बैल हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी आकडा गेला. तो मी इथे सांगत नाही, कारण मामांनी तशी सक्त ताकीद दिली आहे. आकडा फुटला की माणसाचा भाव उतरतो, असं त्यांचं म्हणणं.

लोकअदालतीच्या दिवशी नेवाशाच्या कोर्टात लग्नघरासारखी गर्दी. बँकेचे थकलेले, बांधावरून भांडलेले, नवराबायको, सगळे आपापल्या पुकाऱ्याची वाट बघत होते. आमचा पुकारा झाला. टेबलापलीकडे न्यायाधीश बाई, अलीकडे आम्ही आणि हॉटेलवाला. त्याने सुरुवातीलाच हात जोडून सांगितलं, "बाईसाहेब, त्ये कुत्रं माझं न्हाईच. आन् ह्या मामांनीच माझ्या राजाच्या शेपटीवर पाय दिला, म्हनून त्यो चावला."

वकीलबाईंनी खाली बघून ओठ घट्ट मिटले. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "कुणाच्या राजाच्या?"

हॉटेलवाल्याचा घाम मला बाजूने दिसला. मामा तेवढ्यातही म्हणाले, "शेपटी बाकाच्या पल्याड हुती, साहेब."

त्यानंतर काम भराभर पुढे सरकलं. मालकी आता नाकारता येत नाही म्हटल्यावर हॉटेलवाला तडजोडीला तयार झाला. मामांनी खिशातून रुमाल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि सवयीने बोटं धरली. "मामा," न्यायाधीश बाई म्हणाल्या, "इथे तोंडाने बोलायचं." मामांनी रुमाल खिशात घातला. हॉटेलवाल्याने चाचरत एक आकडा सांगितला. आमच्या मागणीच्या जवळपास होता. वकीलबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, की झालं काम. आणि मामांच्या तोंडून, जन्मभराच्या सवयीने, निघून गेलं, "येवढं? लई होतंय. जरा कमी कर."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. हॉटेलवाला आधी समजलाच नाही, आणि समजल्यावर लगेच, "बरं मामा, तुमी म्हनाल तसं," म्हणाला. मागे उभे असलेले लोक हसू लागले. मी मामांचा दंड धरला. मामांचा चेहरा असा झाला होता, जणू आपलीच भाषा बोलता बोलता मधेच परकी व्हावी. आयुष्यभर ते भाव खाली आणायला शिकले होते. वर कसा न्यायचा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी हॉटेलवाल्याला विचारलं, "तुम्ही स्वतःहून जी रक्कम सांगितलीत, ती तुम्हाला परवडते म्हणूनच सांगितलीत ना?" तो व्हय म्हणाला. "मग तीच लिहू या. आणि कुत्रा बांधून ठेवायचा, त्याला लस टोचून घ्यायची." सह्या करून बाहेर आल्यावर हॉटेलवाल्याने त्यांच्या पायाला हात लावला आणि "मामा, या की चहाला," म्हणाला. मामा म्हणाले, "यीन."

परतीच्या वाटेवर गाडीत मामांनी विचारलं, "जावईबापू, खरं सांगा. म्या सवयीनं बोललो, का मला खरंच त्ये जास्त वाटलं?" मागच्या सीटवरून मामी म्हणाल्या, "रस्त्याकडं बघू द्या त्यांना." मी रस्त्याकडे बघितलं.

पैसे मिळाले. कुत्रा बांधलेला असतो. मामा चहाला जातात. सगळं मिटलं, आणि वकीलबाईंनी आधी सांगितली होती तेवढी फी मामांनी दिली, निम्मी नव्हे, पूर्ण. त्यावर त्यांनी बाईंना दोन गोणी कांदे पाठवले.

मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा शुक्रवार होता. "चला बाजारात," मामा म्हणाले. पूर्वी बाजारात मामांच्या मागे धावताना माझी दमछाक व्हायची. गर्दीत त्यांचं पांढरं धोतर मी शोधत असायचो. आता ते माझ्या शेजारून चालत होते. थोडं चालून ते थांबत, एखाद्या बैलाकडे निरखून बघत, परत चालत. "जनावर बघतोय," ते म्हणाले. "बघा की," मी म्हणालो, आणि मीही बघू लागलो. असं बघत बघत आम्ही एका काळ्या म्हशीपाशी आलो. म्हैस चांगली होती, एवढं मलाही कळत होतं. तिच्या मालकाला वाटलं गिऱ्हाईक आलं. त्याने भाव सांगितला. मामा काही बोलले नाहीत. त्याने थोडा कमी केला. तरी मामा गप्पच. त्यांनी म्हशीच्या पाठीवर तळहात ठेवला, अंगाचा भार हळूच तिच्यावर टाकला आणि दुखरा पाय जमिनीवरून थोडा उचलून तसेच उभे राहिले. म्हैस हलली नाही. मालक आणखी उतरत राहिला, आणि आम्ही दोघं, न घ्यायच्या त्या म्हशीजवळ, मामांच्या पायातली कळ थांबेपर्यंत उभे होतो.